पडद्यावरील संतकथा : साधन कोणते, साध्य कोणते?

नामसप्ताहात, मंदिराच्या सभामंडपात किंवा पालखीच्या मुक्कामी संगणकावर तयार केलेली संतचरित्राची चित्रमालिका पडद्यावर दाखवावी की दाखवू नये, असा प्रश्न हल्ली ठिकठिकाणी विचारला जातो. पुणे शहरात तर विशेषच. ज्येष्ठ वद्यात श्रीज्ञानोबारायांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या मंदिरात आणि श्रीतुकोबारायांची पालखी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात विसावते. त्या दिवसांत पेठापेठांतून दिंड्या उतरतात. कोणी पाय चेपतो, कोणी पिठलंभाकर वाढतो, कोणी चपला शिवून देतो. आपल्या हाती जी कला आहे तिने वारकऱ्यांची सेवा करावी, ही पुणेकरांची रीत जुनीच आहे. आता ज्या तरुणांच्या हाती संगणकाची कला आहे, त्यांनाही वाटते की आपण आपल्या परीने सेवा करावी. ते चित्रे जमवतात, त्यांना आवाज जोडतात, मध्ये मध्ये चलच्चित्रे घालतात आणि पडदा लावून संतांची कथा दाखवतात.

यावर दोन मते पडतात. वडीलधारे म्हणतात, “अहो, वीणा आहे, टाळ आहे, पखवाज आहे, सांगणारा आहे. मग हा पडदा मध्येच कशाला?” तरुण म्हणतात, “लोकांना आता पाहायची सवय झाली आहे. दाखवलं नाही तर बसणार कोण?” दोघांचाही हेतू शुद्ध आहे आणि दोघांच्याही बोलण्यात काही तथ्य आहे. म्हणून हा वाद ‘जुने आणि नवे’ एवढ्यावर मिटवून टाकणे आम्हांस बरे वाटत नाही. यात धर्माचा, म्हणजे वागणुकीचा, प्रश्न आहे. त्याचा थोडा विचार वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम हे साधन आहे तरी काय, ते ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे. संगणकावर कोरी पाने एकापुढे एक मांडता येतात. प्रत्येक पानावर चित्र ठेवा, चार ओळी लिहा, त्या पानापुरता आवाज भरा, हवे तर हलते चित्र बसवा. कोणते पान किती वेळ राहावे, ते कसे यावे आणि कसे जावे, हेही ठरवून ठेवता येते. मग ही पाने प्रोजेक्टरच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी होऊन दिसतात. या जातीचे सर्वांत प्रसिद्ध सॉफ्टवेअर म्हणजे पॉवरपॉइंट. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवले आणि 1987 साली अमेरिकेत ते प्रथम विक्रीला आले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ते विकत घेतले. मूळ हेतू व्यापारी कचेऱ्यांतल्या बैठकांचा. साहेबापुढे आपले म्हणणे चार ओळींत नीटनेटके मांडता यावे, एवढाच. पुढे त्यात आवाज आला, चलच्चित्र आले. आता लिबरऑफिस इम्प्रेससारखी मोफत साधनेही मिळतात. आपल्याकडे 2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्याच्या गावची मुलेसुद्धा अशी पाने रचायला शिकली. तेव्हा ही विद्या आता शहरापुरती राहिलेली नाही.

आता पहिला आक्षेप घेऊ. यंत्र म्हणजे माया, तिने हरिकथेत शिरू नये, असे कोणी म्हणतात. पण चित्र दाखवून कथा सांगणे आपल्या मुलखाला नवे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तेथील ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या रामायण-महाभारताची कथा चित्रांवरून सांगत आले. एका कथेच्या सुट्या चित्रांच्या गठ्ठ्याला ते ‘पोथी’ म्हणतात, हा शब्दच किती बोलका आहे! सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो, त्यातला प्रसंग गाऊन बोलून उलगडतो, साथीला टाळ आणि हुडुक असतो, मग पुढचे चित्र निघते. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. अशी जुनी चित्रे पुण्यातच पाहायची तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे.

पुढे काचेवरची चित्रे आली. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र यांनी 1892 साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाचा खेळ सुरू केला. शंबर हा पुराणातला मायावी असुर, त्यावरून शांबरिक म्हणजे मायेचा, आणि खरोलिका म्हणजे दिवा. काचेच्या लहान पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठी होत. एकाच पात्राच्या निरनिराळ्या हालचालींची चित्रे भराभर बदलली की ते पात्र हलल्याचा भास होई. जोडीला निवेदन असे, गाणे असे, संवाद असत. लक्षात घ्या, चित्र, आवाज आणि हालचाल या तिन्ही गोष्टी एका पडद्यावर आणण्याचा हा उद्योग कल्याणच्या एका घराने संगणकाच्या कितीतरी आधी केला होता. त्यांच्या काचांचा मोठा संग्रह आता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जतनात आहे.

आणि छापील ग्रंथांचे काय? तुकोबांची गाथा शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून 1869 आणि 1873 साली दोन भागांत निघाली, तेव्हा छापखाना हे यंत्र होतेच की. आज घरोघर छापील गाथेवर हात जोडले जातात. ध्वनिक्षेपकावर आपण हरिपाठ म्हणतो, तेही यंत्रच. तेव्हा ‘यंत्र नको’ हा आक्षेप आम्हांस टिकणारा वाटत नाही. पखवाजाला कातडे चढवणारा आणि संगणकावर पान रचणारा, दोघेही साधनच तयार करतात.

मग वडीलधाऱ्यांची तक्रार फोल म्हणायची का? मुळीच नाही. त्यांना काहीतरी खटकते आहे ते खरे आहे, फक्त त्याचे नाव यंत्र नव्हे. ते काय आहे ते पाहण्यासाठी पुण्यातलीच एक गोष्ट घेऊ.

प्रभात फिल्म कंपनी 1933 साली कोल्हापुराहून पुण्यास आली. तिने 1936 साली ‘संत तुकाराम’ हा बोलपट काढला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. खेड्यापाड्यांतून लोक तो पाहताना पडद्याला हात जोडीत. त्या चित्रपटाने अनेकांच्या अंतःकरणात भक्तीचा ओलावा आणला, याबद्दल आम्हांला आदरच आहे. पण दोन गोष्टी घडल्या, त्याही पाहिल्या पाहिजेत. पागनीसांची मुद्रा लोकांच्या मनात इतकी ठसली की कित्येक घरांत त्यांचेच चित्र तुकोबांचे म्हणून पुजले जाऊ लागले. दुसरे असे की शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले एक पद तुकोबांच्या वळणाचे इतके हुबेहूब उतरले की पुष्कळांनी ते तुकोबांचेच मानले. कवीच्या कौशल्याला हा मोठा मान आहे, त्यात त्यांचा दोष काही नाही. पण ऐकणाऱ्याच्या हातून मात्र एक धागा सुटला. खरे कोणते आणि रचलेले कोणते, हे त्याला कळेनासे झाले.

येथे प्रश्नाची गाठ सापडते. तुकोबा सतराव्या शतकातले. छायाचित्राची कला जगाला माहीत झाली ती 1839 साली. म्हणजे तुकोबांचे, ज्ञानोबांचे, जनाबाईचे आपण पाहतो ते प्रत्येक चित्र कोणा चित्रकाराच्या भावाचे चित्र आहे. भाव म्हणून ते वंदनीयच आहे. पण पुरावा म्हणून ते काहीच नाही. कीर्तनकार जेव्हा कथा सांगतो, तेव्हा श्रोत्याला ठाऊक असते की हा सांगतो आहे. ‘असे म्हणतात बरं का’ एवढा एक शब्द टाकला की दंतकथा दंतकथेच्या जागी राहते. पडद्याला हा शब्द उच्चारता येत नाही. तो नुसते दाखवतो, आणि डोळ्याने पाहिलेले खरे, ही तर माणसाची जुनी खोड आहे.

आजचे दिवस त्याहून अवघड आहेत. आता यंत्राला नुसते सांगितले की ते हवा तो चेहरा घडवते, त्याचे ओठ हलवते, त्याच्या तोंडी हवे ते शब्द घालते. दिवंगत कीर्तनकाराचा आवाज थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून नवाच्या नवा काढता येतो. उद्या एखाद्या चित्रमालिकेत स्वतः माउली समोर येऊन चार वाक्ये बोलतील, आणि ती वाक्ये कोणा तरुणाने दुपारी चहा पिता पिता लिहिलेली असतील. पाहणारी म्हातारी आजी मात्र हात जोडून ती प्रमाण मानील. सांगा, हे पाप कोणाच्या माथी? आमच्या मते येथे सफाईला जागा नाही. संतांच्या तोंडी संतांचे नसलेले शब्द घालू नयेत. घातलेच, तर ते आपले आहेत हे त्याच पानावर, त्याच आवाजात, स्वच्छ सांगावे. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत टीप टाकून सुटका होत नाही. तोवर आजी उठून गेलेली असते.

ही झाली सत्याची बाजू. दुसरी बाजू श्रोत्याची.

श्रीज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये नेवाशास गीतेवर टीका सांगितली. तिच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी मराठी बोलाचे कौतुक येते. बोल एकच, पण कानांना वाटते आपल्याला जिभा फुटाव्यात, डोळ्यांना वाटते रूपाचे भांडार आपल्यापुढे उघडले, घ्राणाला वाटते सुवास आला, अशा अर्थाचे ते निरूपण आहे. सर्व इंद्रिये एका शब्दासाठी आपापसांत भांडतात. वाचकहो, चित्र, नाद आणि गंध ही सगळी सामग्री माउलींनी एका शब्दात भरून ठेवली होती. हे कशाने झाले? ऐकणाऱ्याचे मन कामाला लागले म्हणून झाले. शब्द दार उघडतो आणि मन आत जाऊन आपले चित्र आपणच काढते. ज्याचे त्याचे पंढरपूर त्याच्या त्याच्या मनात उभे राहते. पडद्यावर एकच पंढरपूर येते, तेही कोणी दुसऱ्याने निवडलेले. मनाला करण्यासारखे काही उरत नाही. ते डोळ्यांच्या मागे पाय पसरून बसते.

आणखी एक गोष्ट. वारकरी कीर्तन हे एकट्याचे काम नव्हे. महाराज एक चरण म्हणतात, टाळकरी तो उचलतात, विणेकरी उभा असतो, श्रोते डोलतात. महाराजांची नजर श्रोत्यांच्या तोंडावर असते. कोणाचे डोळे भरून आले तर ते थांबतात. कोणी पेंगू लागला तर एखादा दृष्टांत टाकतात. कोणाला समजले नाही असे दिसले तर तीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगतात. ठरवून ठेवलेली चित्रमालिका असे काही करीत नाही. अमुक सेकंदांनी पान बदलायचे म्हटले की ते बदलणारच, मग समोरची माउली डोळे पुसत का असेना. यंत्राला आवाज देता आला तरी कान देता आले नाहीत. आमच्या मते वडीलधाऱ्यांना जे खटकते ते हेच. आपल्याकडे बघून कोणी सांगत नाही, हे त्यांना जाणवते.

चार ओळींत सर्व काही बसवण्याच्या सवयीने काय होते, याचे एक दुःखद उदाहरण मोठ्या जगातले आहे. 1 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेचे कोलंबिया हे अवकाशयान परतताना नष्ट झाले. आपल्या देशात जन्मलेल्या कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर त्यात गेले. उड्डाणाच्या वेळी फेसाचा एक तुकडा सुटून यानाच्या पंखावर आदळला होता. त्याने काही धोका आहे का, याचा अहवाल यान वर असतानाच पॉवरपॉइंटच्या पानांवर मांडला गेला. एका पानाचा मथळा धीर देणारा होता. आणि आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्याहून सहाशे पटींपेक्षा मोठा होता, ही खरी भयंकर गोष्ट त्या पानाच्या तळाशी पडली होती. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने ते पान उलगडून दाखवले, आणि अशी पाने वाचून अधिकाऱ्याला जिवावरचा प्रसंग कळू नये हे नवल नाही, असे चौकशी मंडळानेही त्याच वर्षीच्या अहवालात नोंदवले. यान पडण्याचे कारण पॉवरपॉइंट नव्हे, हे उघड आहे. पण ज्या साधनाने विचार तुकड्यातुकड्यांत मांडला जातो, त्यात ‘म्हणून’, ‘तरीसुद्धा’, ‘पण’ हे जोडणारे शब्द गळून पडतात. आणि आमच्या अनुभवाने सांगतो, निरूपणाचा सगळा जीव या जोडणाऱ्या शब्दांतच असतो. ‘नामस्मरण, सत्संग, सदाचार’ असे तीन ठिपके पडद्यावर उमटले म्हणजे प्रवचन झाले, असे कोणी समजू नये. एकातून दुसरे कसे निघते, हे सांगायला माणूस लागतो.

आता कोणी विचारील, मग हा पडदा गुंडाळूनच ठेवायचा का? तसे आम्ही म्हणत नाही. कारण तिसरी एक बाजू आहे. अंथरुणाला खिळलेला वारकरी आहे. परदेशात वाढणारी मराठी मुले आहेत, त्यांना मराठी बोलणे जेमतेम कळते आणि दिंडी म्हणजे काय ते त्यांनी पाहिलेलेच नाही. ज्याला कमी ऐकू येते, त्याला पडद्यावरची मोठी अक्षरे म्हणजे केवढा आधार! अशांसाठी ही पाने रचणे हे पुण्यकर्मच आहे. नकाशावर आळंदी, सासवड, जेजुरी, फलटण अशी वाट दाखवली की मुलाला वारी म्हणजे किती चालणे, ते एका क्षणात समजते. तेथे शंभर शब्द खर्चून जे होणार नाही ते एक चित्र करते.

2020 साल आठवा. महामारीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीच्या बसने पंढरीस गेल्या. 2021 सालीही तसेच. लाखो वारकरी घरी बसून पडद्यावर सोहळा पाहत होते. त्या वेळी पडद्याने जो धीर दिला त्याचे उपकार विसरू नयेत. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट सर्वांना कळली. घरात बसून सोहळा नीट दिसत होता, किंबहुना गर्दीत कधी दिसला नसता इतका जवळून दिसत होता, तरी पाय तळमळत होते. दिसण्याने भागत असते तर 2022 साली वाट मोकळी होताच कोणी उन्हातान्हात चालायला निघाले नसते. पडद्याने वारीची आठवण जागी ठेवली, वारीची जागा घेतली नाही. साधनाची मर्यादा आणि साधनाचा उपयोग, दोन्ही त्या दोन वर्षांनी आम्हांस शिकवले.

तेव्हा आमचे म्हणणे असे. पडदा असावा की नसावा, हा प्रश्नच नव्हे. पडदा कोणाची चाकरी करतो, हा खरा प्रश्न आहे. चित्रकथ्याच्या हातात चित्र होते. ते केव्हा पुढे करायचे, किती वेळ धरायचे आणि केव्हा खाली ठेवायचे, हे तो समोरच्या माणसांकडे पाहून ठरवी. चित्र त्याचे सेवक होते. आज बहुतेक ठिकाणी उलट होते. पान बदलले म्हणून बोलणारा पुढे जातो, गाणे सुरू झाले म्हणून तो गप्प बसतो, चलच्चित्र अडकले की त्याची त्रेधा उडते. सेवक गादीवर बसला आणि धनी दाराशी उभा राहिला, असाच तो प्रकार.

हे उलटे सुलटे करायचे तर फार मोठे काही लागत नाही. जे तरुण या सेवेत आहेत त्यांच्यासाठी चार व्यवहारी गोष्टी सांगतो.

एक, पाने आपोआप बदलू देऊ नयेत. बदलण्याची कळ सांगणाऱ्याच्याच हाती असावी आणि त्याची नजर पडद्याकडे नसून श्रोत्यांकडे असावी. मध्ये एखादे पान सगळेच काळे ठेवावे. तेवढ्या वेळात श्रोत्याच्या मनाला आपले चित्र काढता येते.

दोन, जे दाखवता ते काय आहे, ते तोंडाने सांगावे. हे छायाचित्र आहे, हे चित्रकाराने काढलेले आहे, हा बोलपटातला नट आहे, हे यंत्राने घडवलेले आहे. यात कथेचा रंग जात नाही. उलट सांगणाऱ्यावरचा विश्वास वाढतो. दुसऱ्याचे गाणे वा चित्र घेतले असेल तर त्याची परवानगी घ्यावी आणि त्याचे नाव घ्यावे. 1957 च्या कायद्याने ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षे राहतो. पण कायदा नसता तरी, दुसऱ्याच्या झाडाची फुले न विचारता तोडून देवाला वाहणे आपल्या घरांत कधी चांगले मानले गेले नाही.

तीन, केवळ डोळ्यांवर विसंबू नये. विदर्भातले श्रीगुलाबराव महाराज लहानपणीच दृष्टीला मुकले, तरी शंभराहून अधिक ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत आणि लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. असा एखादा श्रोता मंडपात बसला असेल, तर ‘हे पाहा’ म्हणून त्याला काय मिळणार? जे दाखवाल ते बोलूनही सांगा. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी बोललेले अक्षरांत लिहा. आणि अक्षरे युनिकोडमध्येच लिहावीत. जुन्या फाँटमध्ये टंकलेली मराठी दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसती गिचमिड दिसते, हा अनुभव पुष्कळांचा आहे. ज्याचा क्षर होत नाही ते अक्षर. ते दुसऱ्या घरी गेल्यावर पुसले जाऊ नये, एवढी तरी काळजी घ्यावी. चलच्चित्रेही नुसती जोडून न ठेवता त्याच फाइलमध्ये भरून ठेवावीत, म्हणजे ऐन वेळी पडद्यावर मोकळी चौकट दिसत नाही.

चार, आणि ही सर्वांत नाजूक. वारीत कोणी म्हातारी पादुकांवर डोके ठेवून रडत असते. कोणी दमून रस्त्याच्या कडेला पाय पसरून निजलेला असतो. कोणी स्त्री नदीवर स्नान करीत असते. त्यांची चित्रे फार परिणामकारक होतात, म्हणूनच ती घेतली जातात. पण ते अश्रू तिने देवाला दिलेले असतात, आपल्या चित्रमालिकेला नव्हे. शक्य तेथे विचारावे, आणि ‘नको’ म्हटले तर कॅमेरा खाली घ्यावा. विचारता येत नसेल तेथे, हे चित्र माझ्या आईचे असते तर मी चारचौघांत दाखवले असते का, एवढे मनाला विचारावे. उत्तर लगेच मिळते.

या चारही गोष्टी पाळल्या, तरी शेवटी एक कसोटी उरते. मंडप भरला आहे, अर्धी कथा झाली आहे आणि वीज गेली. पडदा काळा, आवाज बंद. अशा वेळी सांगणारा काय करतो? तो तारा हलवीत, यंत्र कधी चालू होईल म्हणून वाट पाहत उभा राहिला, तर समजावे की कथा यंत्राजवळ होती, त्याच्याजवळ नव्हती. आणि तो दोन पावले पुढे आला, अंधारातच म्हणाला, “असू द्या माउली, ऐका,” आणि कथा जेथे थांबली होती तेथून पुढे सांगू लागला, तर मग त्याने कितीही पडदे लावावेत, कितीही चित्रे दाखवावीत, त्याला कोणी बोल लावू नये. त्याने साधन हाती घेतले आहे, साधनाने त्याला घेतलेले नाही.

म्हणून तरुणांना आमची विनंती आहे की पाने रचण्यापूर्वी कथा पाठ करा, ती दहा जणांना नुसत्या तोंडाने सांगून पाहा, त्यांचे चेहरे वाचा, आणि मग जेथे शब्द खरोखर अपुरा पडतो तेथेच चित्र ठेवा. अशी पाने चाळीस होणार नाहीत, सात-आठच होतील. पण ती सात-आठ लक्षात राहतील. आणि वडीलधाऱ्यांना विनंती की पडदा दिसताच पाठ फिरवू नका. पुढे जाऊन बसा. मुलांनी दाखवलेले नीट पाहा, चुकले असेल तेथे प्रेमाने सांगा. अमुक प्रसंग कोणत्या ग्रंथात आहे, अमुक चाल कोणत्या फडाची, हे तुम्हांलाच ठाऊक आहे. ते ज्ञान त्यांच्या पानांत उतरले नाही तर त्या जागी जे मिळेल ते भरले जाईल. मग दोष एकट्या मुलांचा राहणार नाही.

टाळ दोन लागतात, एकाने नाद निघत नाही. जुन्यांची कथा आणि नव्यांची कला यांचे तसेच आहे. मात्र नाद कोणासाठी, याचा विसर पडू नये, एवढेच आमचे सांगणे. विस्तार पुरे करतो.

रामकृष्णहरि.